थोरली मालक झाला

हस्ताचा पाऊस लागला की मला फॉर्मलिनचा वास येतो. सोलापुरात हे कुणाला सांगायची सोय नाही. इथे हस्त म्हणजे रब्बीची पेरणी, काळ्या रानातून परत येणारे चिखलाचे पाय, दुपारी भरून येणारं आणि संध्याकाळी मोकळं होणारं आभाळ. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर छत्री झटकतं आणि ‘यंदा जमलं बघा’ म्हणतं. मी ‘व्हय की’ म्हणते, आणि नेमका तेव्हाच तो वास नाकात शिरतो. डोळ्यांत पाणी आणणारा, घसा खरवडणारा. मग मी मान वर करते. सुताच्या गठ्ठ्यांच्या वर, शेवटच्या फळीवर, चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक बरणी असते. म्हणजे होती. पन्नासेक वर्षं तिथेच होती.

बरणीचं तोंड मेणानं घट्ट बंद केलेलं. त्यातून वास बाहेर येणं शक्य नाही, हे प्राणिशास्त्र जेवढं शिकले तेवढ्यावरून मी सांगू शकते. पण वास येतो. काही वासांना बूच लागत नाही.

आमचं घर लिंगायताचं. मासळी हा शब्दसुद्धा आमच्याकडे हळू बोलायचा. तशा घरातल्या मुलीनं प्राणिशास्त्र घ्यावं याचा काकांना फार ताप झाला होता. यात आणि खाटकाच्या धंद्यात फरक काय, असं त्यांनी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, शिकून आली की तीच सांगील. वडिलांचं सुताचं दुकान होतं. सूत नेणारे विणकर, म्हणजे मागवाले, त्यांना मालक म्हणत, हमाल मालक म्हणत, आणि ऐकून ऐकून आमची आई, म्हणजे अव्वासुद्धा, ‘मालक जेवले का’ असंच विचारायची. मला ते थोरली म्हणत. माझ्या पाठची ती धाकटी. आम्हा दोघींच्या वर अण्णा, आमचा एकुलता भाऊ.

प्रयोगशाळेतून आले की अव्वा मला दारातच थांबवायची. आधी अंघोळ, मग घर. एम.एस्सी.ला होते तोवर मी दिवसातून दोनदा न्हायले, दुष्काळात नळाला रांगा लागल्या होत्या तेव्हासुद्धा. त्या पाण्याचा हिशेब द्यायचा झाला तर माझ्याकडे तोंड नाही.

अण्णा वेधशाळेत नोकरीला होता. पाऊस मोजायचा, वारा मोजायचा, आणि आकडे तारायंत्रानं कळवायचे. दुष्काळ संपला त्या वर्षी त्याची बदली लक्षद्वीपातल्या एका बेटावर झाली. ज्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता त्याला सरकारनं समुद्राच्या मधोमध नेऊन ठेवलं. पोहायला तो शिकला होता वळसंगला, मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. बेटावरही त्यानं पहिलं काम काय केलं, तर रॉकेलचा डबा घेतला, त्याचा तळ कापला आणि तिथं काच बसवून लाख लावली. तो डबा पाण्यावर दाबून धरायचा आणि आत डोकं घालायचं. खालचं सगळं स्वच्छ दिसतं, असं त्यानं मला लिहिलं. ‘शांते, विहिरीच्या तळाला गाव असावं तसं आहे.’

बेटाभोवती प्रवाळाची भिंत, भिंतीच्या आत उथळ हिरवं पाणी, आणि त्या पाण्यात प्रवाळाचे सुटे सुटे खडक. एकेक खडक म्हणजे अण्णाच्या भाषेत एकेक घर. त्यानं त्यांना आमच्या पेठांची नावं दिली होती. मंगळवार पेठेत कोण राहतं, शुक्रवार पेठेत कुणाचं कुणाशी वाजलं, हे सगळं दर बोटीला आम्हाला कळायचं. त्याचा जीव जडला होता एका बोटभर माशावर. निळसर अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे टिपून खातो. मोठे मोठे मासे त्याच्या खडकाशी येऊन तोंड उघडून मुकाट उभे राहतात, हा त्यांच्या जबड्यात शिरून साफसफाई करतो आणि सुखरूप बाहेर येतो. अण्णानं त्याला न्हावी हे नाव ठेवलं. प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात एक नर आणि पाचसहा माद्या. नर दिवसभर हद्दीवर गस्त घालायचा, एकेकीला जाऊन दरडावून यायचा. अण्णा लिहायचा, हा अगदी आपल्या मालकांसारखा, दुकान सोडून कुठं जाणार नाही. म्हणून तो मालक. माद्यांत जी अंगानं सर्वांत मोठी ती थोरली, मग मधली, मग धाकटी.

ही पत्रं मी अव्वाला वाचून दाखवायची. ती जात्याशी नाहीतर निवडायचं सूप घेऊन बसलेली असायची. तिला अक्षर येत नव्हतं, आणि मासळीचा तिला विटाळ. पण ऐकताना तिचे हात थांबायचे. पुढच्या बोटीला पत्र आलं की पाकीट फोडायच्या आधी विचारायची, ‘त्या थोरलीचं काय झाला?’

‘काय झालं,’ मी सुधारायची.

आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेलं असायचं, आणि त्यात मराठीच्या लिंगांचा पार चुराडा. आमच्याकडे चहा थंड ‘झाली’, भाकरी ‘करपला’ आणि काकू ‘आला’. अण्णा तर पदवीधर, पण ‘पाऊस आली’ हे त्यानं सरकारी नोंदीतही लिहिलं असणार. मला शाळेपासून शुद्धलेखनाचा चळ. त्याच्या पत्रातल्या चुका मी लाल पेन्सिलीनं दुरुस्त करायची आणि उत्तरात यादी पाठवायची. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं: तुमची मराठी फार चौकशा करते, दगडालासुद्धा विचारते तू बाई का बाप्या. कानडीत बरं, माणूस सोडून बाकी सगळं ‘ते’.

पत्र वाचून झालं की ते ठेवायची अव्वाची एक पद्धत होती. तब्येतीची, पैसे पाठवल्याची, कधी येणार याची पत्रं देवघराशेजारच्या पेटीत, घराच्या कागदांबरोबर. पण ज्यात मासळी असेल ते पत्र देवाजवळ कसं ठेवणार? त्यासाठी सोप्याच्या कोनाड्यात बिस्किटांचा रिकामा डबा होता. वाचन संपलं की ती विचारायची, ‘ह्यात मासळी हाय का?’ हो म्हटलं की पत्र डब्यात, नाही म्हटलं की पेटीत. पुढे पुढे तर विचारायचीसुद्धा नाही. अर्धं ऐकतानाच तिचा निकाल झालेला असायचा.

एक पत्र मला अजून जसंच्या तसं आठवतं. पौर्णिमेच्या आसपास, भरती ओसरायला लागली की बाहेरच्या भिंतीशी मोठ्या माशांच्या झुंडी जमतात. मग एकदम नर आणि मादी तीरासारखे वर सुटतात आणि वरच्या वर पाण्यात धुरळा उडाल्यासारखी अंडी सोडून खाली येतात. ओहोटीचं पाणी तो धुरळा बाहेर, उघड्या समुद्रात घेऊन जातं. घराजवळ अंडी ठेवली तर शेजारीपाजारीच खाऊन टाकतील, म्हणून आईबापच त्यांना लांब घालवतात. ती पोरं कित्येक दिवस, कित्येक आठवडे वाहत राहतात, डोळ्यांना न दिसण्याएवढी. आणि मग एके दिवशी खडकावर नखाएवढी पिल्लं हजर. अण्णानं विचारलं होतं, ‘ही आपलीच पोरं परत आली, की भलत्याच बेटाची इथं लागली? आजूबाजूला शेकडो मैल नुसतं पाणी. एवढ्याशा बेटाचा पत्ता त्यांना कोण देतं? तुझ्या सरांना विचार.’

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. मी तसं कळवलं. अव्वाला मात्र त्यातली शंकाच पटली नाही. आपलंच असणार की, म्हणाली, दुसऱ्याचं कशाला येतंय.

पावसाळ्यात बेटाचा समुद्र बंद होतो. बोट नाही, टपाल नाही. ज्येष्ठात शेवटची बोट येऊन गेली आणि आषाढात वडील गेले. सकाळी दुकानात सुताची गाठोडी लावताना खाली बसले ते उठले नाहीत. अण्णाला तार केली. वेधशाळेमार्फत त्याचीही तार आली: समुद्र बंद, पहिल्या बोटीनं निघतो. त्या दिवसांत सोलापुरात पाऊस नव्हता, नुसतं वारं होतं. घराची दारं दिवसभर आपटायची आणि प्रत्येक आवाजाला अव्वा मान वर करायची.

श्रावण, भाद्रपद. दुकानाला कुलूप. किल्ली अव्वाच्या कमरेला. काका रोज यायचे. त्यांचं स्वतःचं दुकान होतं, दोन्ही एक करावीत असं त्यांच्या मनात होतं. ते दुष्ट नव्हते, हे मुद्दाम लिहिते. अशा गोष्टींतले काका दुष्ट असतात. ते नुसते रीतीचे होते. पोरींची लग्नं लावून टाकू, वहिनी आमच्यात राहील, असं त्यांचं सरळ गणित. अव्वा म्हणायची, अण्णा येऊ दे. मी दुपारी कॉलेजात जायची. मेणात बसवलेल्या ऊतींचे पातळ काप घेता घेता मधेच लक्ष उडायचं, हात यंत्राचं चाक फिरवतच असायचा, आणि पातीखालून कापांची लांब फीत निघत राहायची, नुसतीच.

हस्ताच्या पहिल्या दिवशी तार आली. ती अण्णाची नव्हती, अण्णाबद्दलची होती. भर दुपारी, ऊन असताना, तो डबा घेऊन बाहेरच्या भिंतीपाशी गेला होता. डबा संध्याकाळी किनाऱ्याला लागला. एवढंच. आम्हाला माती द्यायलाही काही मिळालं नाही.

आठ दिवसांनी रेल्वेचं पार्सल आलं. अण्णा असतानाच, माणसं न घेणाऱ्या पहिल्या मालबोटीला दिलेलं, कालिकतमार्गे फिरत फिरत आलेलं. मेलेल्या माणसाच्या अक्षरातला आमचा पत्ता हमालानं दारात मोठ्यानं वाचला. आत त्याची चादर, आपल्या सोलापूरचीच, आणि चादरीच्या घड्यांत एक बरणी. बरणीत पट्ट्याचा एकच मासा. त्याच्याबरोबर आत सोडलेल्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं: थोरली. आणि चादरीच्या शेवटच्या घडीत एक चिठ्ठी.

ती घेऊन मी माडीवर गेले. दमट हवेनं शाई पसरली होती, पण अक्षर लागत होतं.

‘शांते, मालक गेला. वाटलं, आता घर मोडणार. पण थोरलीनं एक दिवस वाया जाऊ दिला नाही. अठरा दिवसांत थोरली मालक झाला.’

देवाशपथ सांगते, त्या वेळी मला मासा आठवला नाही. वडील गेल्यावरचं हे त्याचं पहिलं पत्र होतं, आणि शेवटचंही. आमच्या घरात मालक एकच होते, आणि थोरली मी होते. मी रडले. आणि रडता रडता, हे लिहायला लाज वाटते, माझ्या हातानं टेबलावरची लाल पेन्सिल उचलली. ‘गेला’चं ‘गेले’ केलं. ‘झाला’चं ‘झाली’ केलं. मेलेल्या भावाचं शुद्धलेखन तपासणारी माझ्याशिवाय दुसरी कुणी नसेल. तेवढ्यात खालून अव्वाची हाक आली.

सोप्यात काका आणि आणखी दोघं वडीलधारे बसले होते. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात. काका अव्वाकडे किल्ली मागत होते. तिसरी माणसं असताना ते कधी आवाज चढवत नसत. ‘वहिनी, पोरगी हाय ती,’ ते म्हणाले. ‘गादीवर बसवून गावात हसं करून घ्यायचं हाय का? अण्णा असता तर गोष्ट येगळी होती.’

‘अण्णाचा चिठ्ठी आला,’ अव्वा म्हणाली. आणि माझ्याकडे बघून, ‘वाच की.’

मी वाचली. मालक गेले. वाटलं, आता घर मोडणार. पण थोरलीनं एक दिवस वाया जाऊ दिला नाही. अठरा दिवसांत थोरली मालक झाली. पुढे काही आहे का म्हणून मी कागद उलटला. उलटला आणि थांबले. का थांबले ते सांगते; पण त्या क्षणी अव्वा दारातून पुढे आली आणि तिनं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली.

‘साकु,’ ती म्हणाली. कानडीत साकु म्हणजे पुरे. ‘आण हिकडं ते.’

चिठ्ठी तिनं कनवटीला लावली. तिथून ती मागायची हिंमत कुणात होती? मग कमरेची किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. काकांनी बाजूची टोपी डोक्यावर ठेवली. मग उठले, आणि जाताना म्हणाले, पोराची शेवटची इच्छा, आता काय बोलायचं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढे तेच मला सूत पारखायला शिकवायला आले.

अशी मी मालक झाले. एम.एस्सी. राहिलं ते राहिलंच. माझ्या टेबलावरच्या कापांवर धूळ बसली असेल, मग कुणी तरी ते धुऊन काचा वापरल्या असतील. मला दुकान आवडायला लागलं हे खोटं कशाला बोलू? सुताच्या लडीत हात घातला की त्याचा जाडबारीक नंबर कळायला लागला. आवाज वाढला. चालणं बदललं, असं धाकटी म्हणायची. सायलू नावाचा एक तेलुगू मागवाला वडिलांच्या वेळेपासून यायचा. पायरीवर उभा राहून तो आत विचारायचा, ‘मालक आला काय?’ त्याच्या मराठीत बाईला आणि बाप्याला एकच न्याय. सगळ्यांचं शुद्धलेखन काढणाऱ्या मी त्याला कधीच दुरुस्त केलं नाही.

लग्न केलं नाही. त्याची कारणं पुष्कळ सांगता येतील. धाकटीचं करून दिलं, टेंभुर्णीला.

बरणी घरात ठेवायची सोय नव्हती, म्हणून दुकानात नेऊन शेवटच्या फळीवर ठेवली. उघडली नाही.

आता ते वाक्य. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला होतं: ‘मी रोज डोळ्यांनी बघितलंय. कुणी मानणार नाही. बरणी उघडून तू नीट कापून बघ. तुझ्याशिवाय कोण बघणार? सविस्तर पत्र मागाहून.’

रोज डोळ्यांनी. हजार मैलांवर बसून त्यानं आमचं घर रोज डोळ्यांनी कसं बघितलं असेल? कागद हातात धरून उभी असताना, काका समोर असताना, एका क्षणात मला कळलं की हा मालक कोण आणि ही थोरली कोण. अण्णा आमच्याबद्दल बोलतच नव्हता. शेवटची बोट गेल्यावर कधी तरी त्या खडकावरचा नर मेला होता, आणि अण्णा पावसात, वाऱ्यात, डबा दाबून धरून अठरा दिवस बघत राहिला होता. आणि मी गप्प राहिले. माशाची गोष्ट मी मृत्युपत्र म्हणून खपवली, दुकान घेतलं, आणि त्यानं जे बघायला सांगितलं होतं ते बघितलं नाही. भीती वाटायची. बरणी उघडली तर माझी गादी त्या माशाची आहे हे सिद्ध होणार.

पुढे कधी तरी मासिकात वाचलं. प्रवाळातल्या काही माशांत नर मेला की सर्वांत मोठी मादी तासा-दोन तासांत त्याच्यासारखी वागायला लागते, आणि दोनतीन आठवड्यांत खरोखरीच नर होते. जगात इतरांनीही ते बघितलं होतं, नीट लिहिलं होतं. हे जगाला अण्णाकडूनच कळायला हवं होतं असं नाही. पण मला तरी त्याच्याकडून कळायला हवं होतं. तो मला सांगत होता, आणि मी त्याचं लिंग सुधारत होते. आयुष्यभर ज्यानं ‘पाऊस आली’ लिहिलं त्यानं एकदाच, एका ठिकाणी, विचार करून, अचूक ‘झाला’ लिहिलं. तेवढंच मी खोडलं.

ती चिठ्ठी नंतर मला दिसली नाही. अव्वा गेली तेव्हा देवघराशेजारची पेटी मी तळापर्यंत उपसली. दुकानाचे कागद होते, दोन्ही तारा होत्या, अण्णाची पैशांची पत्रं होती. चिठ्ठी नव्हती. वाटलं, कनवटीतच धुऊन गेली. ती वाचलेली फक्त मी, आणि ती न वाचलेली अव्वा. अव्वा बिचारी पोराची शेवटची इच्छा म्हणून ते धरून बसली, मरेपर्यंत मला थोरली मालक म्हणून कौतुकानं जेवायला वाढत राहिली, आणि मी तिच्या पानावर बसून खोटं गिळत राहिले. हस्त आला की हे सगळं येतं. दर वर्षी येतं. अण्णा येत नाही. रात्री नाही की स्वप्नात नाही. भर दुपारी, ऊन-पाऊस एकदम पडतो ना, तेव्हा समोरच्या रस्त्यावरून पत्र्याचा डबा वाजवत कुणी गेलं की माझ्या हातातलं सूत गळतं.

या वर्षी धीर केला. वय झालं, आता कुणाला भ्यायचं? बरणी चादरीसकट पिशवीत घातली आणि कॉलेजात गेले. प्राणिशास्त्राची खोली तीच, खिडकीबाहेरचा लिंब तेवढा गेलाय. एक तरुण प्राध्यापिका होती, चुणचुणीत. तिला म्हटलं, माझ्या भावानं पाठवलेला आहे, बघायचा राहून गेला. किती दिवसांपूर्वी, तिनं विचारलं. मी वर्षं सांगितली तेव्हा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे केली.

आठवड्यानं बोलावलं. काप छान आले होते, फॉर्मलिन आटलं नव्हतं. मेण टिकलं होतं. तिनं सूक्ष्मदर्शकाचं भिंग जुळवून दिलं आणि मला डोळा लावायला सांगितलं. मी डोळा लावला. जांभळं-गुलाबी. बराच वेळ काही कळेना. हात विसरतो तसा डोळाही विसरतो.

‘आजी, हा नर आहे,’ ती शेजारून सांगत होती. ‘पण मुळात मादी होती. बाजूला बघा, जुनी अंडी अजून आत आहेत. विरघळत होती, तेवढ्यात पकडलं गेलं.’

मी बघत राहिले. होती. फिकट, कडा सुटलेली, पण होती.

घरी आले आणि वाटलं, अण्णाची ती पत्रं एकदा पहिल्यापासून वाचावीत. मासळीची. अव्वा गेल्यापासून कोनाड्यातल्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. पेटीच तेवढी मी उपसली होती. जे शोधत होते ते घराचं होतं, ते मासळीच्या डब्यात कशाला असेल? झाकण गंजून बसलं होतं, उलथन्यानं उचकटावं लागलं.

सगळ्यात वर ती होती. चौघडी केलेली, घड्यांवर हळदीचे डाग. उघडली. लाल पेन्सिल जशीच्या तशी. गेले. झाली. मागच्या बाजूला ते वाक्य.

ती चिठ्ठी हातात घेऊन मी सोप्यात तशीच बसले, जिथं काका बसले होते तिथं. मला ते दार दिसत होतं. पन्नास वर्षं मी समजत आले की मी एकटीनं ते वाक्य गिळलं. खरं तर मी अडखळले होते. वाचू की नको, हे माझं ठरलंच नव्हतं. आणखी एक श्वास गेला असता तर मी वाचलंही असतं. त्या आधीच अव्वा दारातून पुढे आली होती, साकु म्हणाली होती, आणि पुढचं काय आहे ते एकदाही, मरेपर्यंत एकदाही, तिनं विचारलं नव्हतं.

अव्वाला वाचता येत नव्हतं. पण कुठला कागद पेटीत ठेवायचा आणि कुठला डब्यात, यात तिची कधी चूक झाली नाही.